खोक्यावरच्या साहित्यिकास

मु. पो. हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा

आदरणीय साहेब,

स. न. वि. वि.

आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही. आपण लिहिता त्या वाङ्मयावर लेखकाचं नाव छापायची पद्धत नाही, आणि मानधनाचंही काही खरं नसावं. पण मेहकरला मोबाईलच्या दुकानात काउंटरमागे जी हेडफोनची खोकी टांगलेली असतात, त्यांवरचा मजकूर एकाच हातचा आहे हे शैलीवरून ओळखू येतं. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, 'एक्स्ट्रा बास' मात्र सगळ्यांवर. इतक्या भाविकपणे वाचला जाणारा दुसरा लेखक आज महाराष्ट्रात नसेल.

आमच्या गावाचं आणि साहित्याचं नातं जरा नाजूक आहे. ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ साली आमच्याकडे होणार म्हणून जाहीर झालं होतं. वाद पेटला, विवेकानंद आश्रमाने यजमानपद सोडलं आणि २०१८च्या फेब्रुवारीत संमेलन भरलं ते बडोद्याला. जाहीर होणं आणि पदरात पडणं यांत किती अंतर असतं, हे त्यामुळे इथल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. आपली खोकी वाचायला आमच्याइतका तयारीचा वाचक आपल्याला मिळणार नाही.

पत्राचं निमित्त आमच्या गल्लीतला एक पोरगा. तो रोज एसटीने मेहकरला कॉलेजात जातो. सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतून त्याने हजार रुपये मागे टाकले आणि मला विचारलं, "काका, हजारात गाणे ऐकाले चांगलं काय येईन?" सोबत दुकानातल्या खोक्यांचे फोटो. असं आपलं समग्र साहित्य माझ्या हाती आलं.

पहिल्याच खोक्यावर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. वाचून ऊर भरून आला. ही माणसाच्या तरुण कानाची हद्द आहे. ती आपण यंत्राच्या नावावर चढवलीत. माझ्या वयाच्या माणसाची वरची हद्द कधीच खाली सरकलेली असते आणि पियानोची सगळ्यात वरची पट्टीसुद्धा ४१८६ हर्ट्झवर संपते, म्हणजे वरचं बरंचसं रान आम्हाला फक्त नाद झंकारण्यापुरतं लागतं. पण त्या हद्दीच्या आत कोणता सूर किती चढवला, कोणता दाबला, याबद्दल आपण बाळगलेलं मौन थोर आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहावं आणि जमीन काळी की मुरमाड हे विकत घेणाऱ्याने नांगर घातल्यावर शोधावं, तसं हे.

आता बास. आपल्या प्रतिभेचा खरा बहर इथे आहे. 'डीप', 'एक्स्ट्रा', 'थंडर' आणि शेजारी मोठ्या आकड्यात '१० मिमी ड्रायव्हर'. पोराची समजूत अशी झाली की १२ मिमीवाला घेतला तर बास दोन मिलिमीटरने वाढेल. त्याला मी जे सांगितलं ते आपल्या कलेला बाधक आहे, तरी क्षमा असावी. कानात घालायच्या हेडफोनला बास देते ती मुख्यतः पुढची रबरी टोपी. ती कानाच्या भोकात नीट बसली, हवा कोंडली, तर ड्रायव्हरचा तो इवलासा पडदा खालचे सूर ढकलू शकतो. फट राहिली की सगळ्यात आधी खालचेच सूर पळतात आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. म्हणून तोच पाचशेचा हेडफोन एकाच्या कानात गुंजतो आणि दुसऱ्याच्या कानात किरकिरतो. बऱ्याच खोक्यांत लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या येतात. लोक मधली लावलेली तशीच ठेवतात आणि बाकीच्या दोन आपल्या साहित्यासकट उकिरड्यावर टाकतात. डाव्या-उजव्या कानाचं माप वेगळं असू शकतं, हेही कुणी सांगत नाही. एवढ्या मोलाच्या वस्तूबद्दल खोक्यावर एक ओळ नाही. 'थंडर'ला जागा लागते, हे खरंच.

बरं, बास जास्त झाला तर काय? तर भीमसेन जोशींचा अभंग लावावा. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती धुमा भरदार वाजावा म्हणून. आपल्या 'एक्स्ट्रा'वाल्या यंत्रात तो धुमा एवढा फुगतो की बुवांचा गळा त्याच्यामागून येतो आणि टाळ नुसते चरचरतात. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे डीजेचं गाणं लावून "घ्या भाऊ, कसं धडकते!" म्हणतात. पोराला मी सांगितलं, आपलं तोंडपाठ गाणं मोबाईलमध्ये घेऊन जा, तेच लाव, आणि दोन हेडफोन पाळीपाळीने ऐकताना आवाज सारखा ठेव. ज्याचा आवाज थोडा मोठा असतो तोच माणसाला चांगला वाटतो. हा कानाचा जुना खोडसाळपणा आहे आणि दुकानदाराला तो आपल्याइतकाच ठाऊक असतो.

यापुढचं आपलं शिखर म्हणजे 'ईएनसी'. पोराला वाटलं, हे असलं की एसटीची घरघर बंद. साहेब, आपण खोटं एक अक्षरही लिहिलेलं नाही! गोंगाट खरंच कमी होतो, फक्त तो समोरच्याच्या फोनवर. ईएनसी माइकमधून जाणारा आवाज साफ करतं. पौषात इथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला लाखो माणसं येतात, पुरी-भाजीच्या अफाट पंगती बसतात. त्या गर्दीतून पोराने आईला फोन लावला तर आईला त्याचं बोलणं ऐकू येईल आणि पोराला आईचं काही नाही. ऐकणाऱ्याच्या कानातला गोंगाट मारते ती एएनसी. तीसुद्धा इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर चांगली चालते. कंडक्टरची घंटी, हॉर्न आणि मागच्या बाकावरची सोयरीक यांच्यावर तिची फारशी मात्रा चालत नाही. हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या एएनसीपेक्षा घट्ट बसलेली रबरी टोपी पुष्कळदा जास्त काम करते. पुन्हा टोपीच!

'४० तास प्लेटाइम' हे चार्जिंगच्या डबीसकट आणि आवाज निम्म्याच्या आसपास ठेवून, हे आपण बारीक अक्षरात लिहिता, त्याबद्दल आभार. भिंग घरात आहे. योगायोग असा की ४० तासांचा एक आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेही दिलेला आहे. ८० डेसिबलने ऐकायचं तर आठवड्याला ४० तास, ९०ने ऐकायचं तर ४ तास आणि १०० डेसिबलला आठवड्यात जेमतेम २० मिनिटं. आपल्या ४० तासांशेजारी त्यांचे ४० तास छापले असते तर खोकं केवढं भारदस्त दिसलं असतं. एसटीत पोरं आवाज शेवटच्या दांडीपर्यंत नेतात ती हौसेने कमी आणि टोपी सैल असल्यामुळे जास्त. बाहेरची घरघर आत येते, मग तिच्यावर गाणं चढवावं लागतं. आणि हेडफोन न लावता सगळ्या गाडीला गाणी ऐकवणारे दानशूर आहेतच. मुंबईत बेस्टने २०२३ साली बसमध्ये तसं करायला मनाई केली, इकडे अजून दान चालू आहे.

'आयपीएक्स४' पाहून पोरगा म्हणाला, "हे वॉटरप्रूफ हाये." शिंतोडे सोसतं, एवढंच. पण मला त्यातला एक्स फार आवडला. तिथे पहिला अंक धुळीचा असतो, आणि एक्स म्हणजे धुळीची परीक्षाच घेतलेली नाही. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण पाण्याचा भरवसा देता, धुळीपुरते गप्प राहता. या तालुक्यात पावसाची वाट पाहावी लागते साहेब, धुळीची नाही.

आणि ज्या प्रसंगासाठी आपण एकही खोकं लिहिलेलं नाही, तो सांगतो. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शेताची लाइन पुष्कळदा रात्रीच मिळते. माणूस बॅटरी घेऊन एकटा जातो, झोप येऊ नये म्हणून गाणी लावतो. तिथे कान बुजवणारा हेडफोन चालत नाही. मोटारीचा आवाज बदलला तर कळलं पाहिजे, पाइप सुटला तर कळलं पाहिजे, आणि पिकात काही सळसळलं तर फारच लवकर कळलं पाहिजे. रानडुकरं आणि रोही बिचकावीत म्हणून लोक मोबाईल मुद्दाम मोठ्याने वाजवतात. हेडफोन लावायचाच तर त्या माणसाला हवा असतो स्पंज लावलेला, कानावर नुसता टेकणारा, बाहेरचं आत येऊ देणारा हलका हेडफोन. तसा कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ साली निघाला आणि जवळपास त्याच रूपात आजही विकला जातो. आपल्या हिशेबात चाळीस वर्षं एकच मॉडेल म्हणजे लेखकाची केवढी उपासमार! तो आमच्या हजारात बसत नाही, पण जुन्या वॉकमनसोबत असत तसे साधे स्पंजवाले अजून सापडतात. त्यांत बास थोडा, आणि शेतात तेवढा पुरतो. मोटारसायकलवरही दोन्ही कान बुजवू नयेत, हे मी पोराला वेगळं बजावलं.

तारेबद्दल आपल्या लेखनात अलीकडे जो तुच्छतेचा सूर येतो, त्याने मात्र वाईट वाटलं. 'आता तारांपासून मुक्ती', जणू आम्ही बंदिवान होतो. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ला हेडफोनच्या पिनेचं ३.५ मिमीचं भोक ठेवलं नाही आणि त्याला 'धैर्य' म्हटलं. पोराच्या मोबाईलला ते भोक आहे, म्हणजे मोबाईल भित्रा असावा. त्या भोकाचा फायदा असा की त्याच पैशात कंपनीला बॅटरी, ब्लूटूथ, डबी यांवर खर्च करावा लागत नाही, आणि जे उरतं ते आवाजात जायची निदान शक्यता असते. तार चार्ज करावी लागत नाही. ती तुटते बहुधा पिनेजवळ, आणि मेहकरला सोल्डरिंगवाला ती थोडक्यात जोडून देतो. कानातल्या बिनतारी बोंडांमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमली की ती बदलून देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मोबाईलला भोकच नसेल तर टाइप-सी पिनेचा तारवाला घ्यावा. बिनतारीच हवा असेल तर गळ्यात राहणारा नेकबँड, कारण एसटीच्या गर्दीत पडलेलं एकटं बोंड परत मिळत नाही. तारवाल्याला १६ ते ३२ ओहम मोबाईलला सोयीचे. ३०० ओहमचे स्टुडिओवाले घेतले तर गाणं मुंगीच्या आवाजात येतं. आणि '५.३' हा ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा काही गोडव्याचा नव्हे.

किमतीबद्दल एकच. छापील किंमत ४,९९० वर काट आणि खाली ९९८, म्हणजे ८० टक्के सूट. वरच्या किमतीला तो हेडफोन कधी कुणी घेतला असेल, त्या पुण्यात्म्याचा आपण खोक्यावर फोटो छापावा.

१९१०च्या सुमारास अमेरिकेत युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाकडे पाठवले होते. नौदलाने तपासून पाहिले आणि मागणी दिली. तो एका वेळी दहाच जोड करू शकत होता. त्या धंद्यात आपल्यासारख्या लेखकाला कामच नव्हतं, हे वाचून मला आपल्या पोटाची काळजी वाटली.

पोराने शेवटी पाचशेच्या आतला, पिनेचा, तीन टोप्यांचा घेतला. उजव्या कानाला मध्यम बसली, डाव्याला लहान. उरलेले पैसे एसटीच्या पासला गेले.

आपल्याकडे एवढीच मागणी की पुढच्या खोक्यावर टोप्या किती मापांच्या आहेत, ओहम किती, धुळीचं काय आणि तार तुटली तर बदलता येते का, एवढं ठळक लिहावं. जागा कमी पडली तर 'थंडर' काढावा. तो आमच्याकडे मृगात फुकट होतो.

कळावे, लोभ असावा,

आपला एक नियमित वाचक

ता. क. पत्र खुलं आहे, पण उत्तर पाकिटातून पाठवावं. खोक्यावर छापून आलं तर त्यातलं ८० टक्के वजा धरूनच वाचायची आम्हाला आता सवय झाली आहे.