पीएच.डी. प्रवेशाची वाट कशी पाहावी : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : उस्मानपुरा)

मानव्यविद्या शाखेतील पीएच.डी. प्रवेशाचे परीक्षा, मुलाखत, मार्गदर्शकाचे वाटप आणि संशोधन आराखड्याला मान्यता असे चार टप्पे मानले जातात. परंतु परीक्षेला काही तास आणि मुलाखतीला काही मिनिटे लागत असल्याने उरलेला सर्व काळ वाट पाहण्यातच जातो, हे उघड आहे. परीक्षेची गाईडे बाजारात ढिगाने मिळत असताना या प्रदीर्घ टप्प्याविषयी एकही ग्रंथ उपलब्ध नसावा, ही ज्ञानक्षेत्रातील गंभीर उणीव होय.

क्षेत्रनिवडीचे कारण सांगणे येथे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, जिला सर्वत्र ‘पेट’ म्हणतात, ती देऊन बसलेला उमेदवार छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात खोली करून राहतो, तेव्हा त्याच्या शेजारीच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असते, आणि तेथील प्रवेशाच्या ‘कॅप’, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांचे तारीखवार वेळापत्रक जाहीर होत असल्याचे त्याला रोज ऐकावे लागते. त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकात मात्र ‘लवकरच’ ही एकच तारीख असते. तथापि या परिसरातील रहिवाशाची पूर्वतयारी चांगली असते. शहराला पाणी पुरवणारे जायकवाडीचे धरण काठोकाठ भरलेले असतानाही नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, हे पाहिलेल्या माणसाला विभागात जागा रिक्त असूनही प्रवेश का होत नाहीत, असा प्रश्न पडत नाही.

प्रतीक्षार्थ्याने, म्हणजे यादीत नाव येण्याची वाट पाहणाऱ्याने, प्रथम आपले गुण बाजूला ठेवून गाईडची, म्हणजे मार्गदर्शकाची, जन्मतारीख मिळवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. भरती रखडली की निवृत्त होणारे सर जातात, नवे सर येत नाहीत आणि जागांचे गणित आकसत जाते; ही गोष्ट विनोदाची नाही, पण तिच्यावर उपाय प्रतीक्षार्थ्याच्या हाती नसल्याने ती येथे केवळ नोंदवली आहे. उरलेली जागा मोकळी होण्यासाठी गाईडच्या जुन्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर करावा लागतो. सबब, स्वतःच्या प्रबंधाआधी दुसऱ्याच्या प्रबंधाची काळजी वाहणे हे आद्य कर्तव्य ठरते : आठव्या विद्यार्थ्याचे चौथे प्रकरण कुठवर आले, त्याचे तासिका तत्त्वावरील काम, म्हणजे शिकवलेल्या तासापुरतेच मानधन मिळणारी नोकरी, लिखाणाला किती वेळ ठेवते, यंदा त्याच्या घरी लग्नकार्य तर नाही ना, याची प्रेमाने चौकशी करावी आणि शक्य झाल्यास त्याची संदर्भसूची स्वतः टाईप करून द्यावी.

‘नेट’, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण उमेदवाराने निर्धास्त होऊ नये. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात, त्यांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. परंतु केवळ पीएच.डी. प्रवेशापुरते पात्र ठरलेल्यांचे गुण एकच वर्ष वैध राहतात, म्हणजे वाट नीट पाहिली नाही तर पात्रता आधी संपते आणि यादी नंतर लागते. २०२४ मध्येच १८ जूनला नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. एवढ्या तत्परतेने लागलेला निर्णय या क्षेत्रात विरळाच.

साधनांपैकी संशोधन आराखड्याची स्पायरल प्रत सर्वांत महत्त्वाची. तिचे प्लास्टिकचे वेष्टन पारदर्शक असावे, शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ असावे आणि कंसात जिल्ह्याचा विशेष संदर्भ असावा; मात्र तो घाईने छापू नये, कारण २०२३ मध्ये जिल्ह्याचेच नाव बदलल्याने ज्यांनी आधी प्रती बांधून ठेवल्या होत्या, त्यांना मुखपृष्ठाची झेरॉक्स पुन्हा काढावी लागली असणार. शीर्षकात नसलेला विषय आत कुठेतरी असावा, अशी अपेक्षा आहे.

“काय रे, झालं का तुझ्या पीएच.डी.चं?” या मेसमधल्या मावशींच्या प्रश्नाला “प्रोसेस चालू आहे” एवढेच उत्तर द्यावे. ‘आरआरसी’, म्हणजे आराखड्यांना मान्यता देणारी संशोधन समिती, समजावून सांगण्याचा मोह टाळावा. मावशी पोळी वाढायच्या थांबतात. शिष्यवृत्तीचा विषय तर काढूच नये, कारण बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था नोंदणीचा पुरावा मागतात आणि नोंदणी यादीनंतर होते.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी आपसांत ठरवून शिष्यवृत्तीसह आलेला प्रवेश स्वीकारण्यास १५ एप्रिलपर्यंत मुदत दिलेली असते, आणि नकार असल्यास तो खेदपूर्वक कळवला जातो. इकडे नकार कळवण्याची पद्धत नाही. यादीत नाव नसणे हेच पत्र समजावे, आणि दुसरी यादी लागण्याची शक्यता कोणीही नाकारत नसल्याने ते पत्रही अंतिम समजू नये.

तिसऱ्या यादीतही नाव नसल्यास आराखडा तसाच ठेवून फक्त वर्ष बदलावे आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत तपासावी. ती ३१ मार्चला संपत असल्यास सेतू केंद्रात नव्याने अर्ज करावा, आणि मुलाखतीत कोणी ‘मधल्या काळात काय केले’ असे विचारल्यास ‘क्षेत्रकार्य’ असे सांगावे.