माझा अंदाज आणि दुसऱ्याचा गुलाल

सांगली माझं गाव आणि सातारा माझं सासर. त्यामुळं माझ्याकडं दोन लोकसभा मतदारसंघ आहेत. तसे हे दोन जिल्हे मूळचे एकच. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वाटणी झाली तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. त्यातलीच एक माझी. निवडणूक लागली की सांगलीतले लोक मला साताऱ्याचं विचारतात आणि साताऱ्यातले सांगलीचं. स्वतःच्या जिल्ह्याचं मला कुणीच विचारत नाही, याचा अर्थ लावायला मला फार उशीर लागला.

अंदाज सांगायचा अधिकार माझ्याकडं नोकरीतून आला. मी एका पतसंस्थेत वसुलीला होतो. कर्जदार पायरी चढतानाच हा फेडणारा की बुडवणारा, हे मी त्याच्या चपलांवरून सांगत असे. त्या पतसंस्थेचं पुढं काय झालं हा वेगळा विषय आहे. पण नजर तयार झाली ती झाली. निवडणुकीत मी तीन गोष्टी बघतो. गावात पांढऱ्या गाड्या कुणाच्या जास्त फिरतात, फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा आहे, आणि ‘कोण येतंय?’ असं विचारल्यावर माणूस काय बोलतो. गप्प बसला तर तो आपल्याच बाजूचा, असं मी धरून चालतो.

ही पद्धत घेऊन मी २०१९ च्या ऑक्टोबरात साताऱ्याला उतरलो. त्या वर्षी मे महिन्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखावर मतांच्या आघाडीनं खासदार झाले होते. सप्टेंबरात राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले आणि २१ ऑक्टोबरला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक लागली. समोर श्रीनिवास पाटील. निवृत्त सनदी अधिकारी, सिक्कीमचे माजी राज्यपाल, शरद पवारांचे कॉलेजपासूनचे दोस्त. मी कागद घेऊन बसलो. मे महिन्यात राजेंना पडलेली मतं एका ओळीत लिहिली. त्यांच्याविरुद्ध युतीला पडलेली मतं खालच्या ओळीत लिहिली. आता राजे आणि कमळ एकत्र, म्हणून दोन्हींची बेरीज मारली. बेरीज दहा लाखांच्या वर गेली. श्रीनिवास पाटलांच्या नावावर घालायला काही शिल्लकच राहीना.

“दाजी,” मेव्हणा म्हणाला, “माणसं काय मुदत ठेव हाईत व्हय, तुम्ही ह्या खात्यातनं त्या खात्यात टाकायला?”

मेव्हणा एसटीत वाहक होता. त्याला हिशेबातलं काय कळणार म्हणून मी पैज लावली. मी हरलो तर सांगलीचं भडंग, तो हरला तर साताऱ्याचे कंदी पेढे.

१७ तारखेला पंतप्रधानांची सभा झाली आणि मी पेढ्यांसाठी डबा कुठला न्यायचा ते ठरवून टाकलं. १८ ला संध्याकाळी पवारांची सभा. मेव्हणा गेला, मी गेलो नाही, कारण आभाळ भरून आलं होतं आणि मला सर्दीचा त्रास आहे. रात्री मेव्हणा दारात उभा राहिला तो नखशिखांत भिजलेला. शर्टाच्या खिशातल्या दहाच्या नोटा काढून त्यानं एकेक करून फ्रीजच्या दारावर चिकटवल्या आणि म्हणाला, “म्हातारा हटला न्हाय, दाजी. पाऊस पडतोय आणि बोलतोय. एक माणूस उठला न्हाय.”

मी म्हणालो, “पावसात भिजल्यानं सर्दी होते. मतं मिळत नसतात.”

हे वाक्य मी त्या घरात, सासूबाई, दोन मेव्हण्या आणि शेजारचे एक निवृत्त सुभेदार यांच्या देखत बोललो. ते आजही माझ्या पुढ्यात ताटाच्या आधी वाढलं जातं. २४ तारखेला श्रीनिवास पाटील ८७ हजार मतांनी निवडून आले. भडंगाची पिशवी घेऊन गेलो तर मेव्हण्यानं ती बाजूला ठेवली. “हे तर तुम्ही दर सुट्टीला आणता. पेढे घ्या.” मग मी सांगलीकर साताऱ्यात, साताऱ्याचे पेढे, सातारकराला द्यायला दुकानात उभा राहिलो. दुकानदारानं खोक्यात बटरपेपर अंथरला, खरपूस भाजलेल्या खव्याचे तांबूस पेढे एकावर एक रचले आणि प्रेमानं विचारलं, “पाव्हणं, गुलाल का?” मी म्हणालो, “होय. दुसऱ्याचा.”

इथलं राजकारण मला समजण्याच्या पलीकडचं झालंय, म्हणजेच बिघडलंय, असं मी ठरवलं आणि अमेरिकेकडं वळलो. सोय होती. बहिणीचा मुलगा आयोवात नोकरीला आहे. आयोवा हे मक्याचं राज्य. अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे ठरवायला दोन्ही पक्ष सुरुवात करायचे ती तिथून. भाच्यानं फेब्रुवारी २०२० मध्ये फोनवर समजावून सांगितलं. तिकडं तिकीट पक्षाचे पुढारी देत नाहीत, पक्षाचे साधे मतदार देतात. त्याला प्रायमरी म्हणतात. एकेक राज्य मतदान करत जातं आणि त्या प्रमाणात उमेदवाराच्या पदरात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, पडत जातात. आयोवात तर डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा गुप्त चिठ्ठीही नव्हती. लोक शाळेच्या हॉलमध्ये जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. ज्याच्या कोपऱ्यात १५ टक्के भरले नाहीत, त्याची माणसं दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकायची.

“सगळ्यांदेखत?” मी विचारलं.

“सगळ्यांदेखत, मामा.”

मी जरा वेळ गप्प बसलो. आमच्याकडं दूध संस्थेच्या निवडणुकीत असं केलं तर दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाचं दूध नासलं म्हणून परत येईल.

त्या वर्षी आयोवाचा निकालच वेळेवर लागला नाही. निकाल कळवायचं ॲप बिघडलं. हे ऐकून मला तो देश आपलासा वाटला आणि मी जोमानं अंदाज सांगायला घेतले. ज्यो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. सांगलीच्या आयर्विन पुलावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी सांगितलं, हा म्हातारा संपला. आता त्याच पक्षाचे मायकेल ब्लूमबर्ग. का, तर त्यांच्याकडं मोप पैसा. पन्नास कोटी डॉलरच्या वर खर्च झालेला. पांढऱ्या गाड्यांचा नियम मी अमेरिकेला जसाच्या तसा लावला होता. फेब्रुवारीच्या शेवटी बायडन यांनी साउथ कॅरोलिना जिंकलं. तीन दिवसांनी, ३ मार्चला, चौदा राज्यांपैकी दहा त्यांच्या खिशात. ब्लूमबर्ग त्या दिवशी काय जिंकले, तर पॅसिफिक महासागरातली अमेरिकन सामोआ नावाची बेटं. पुलावरचे एक मास्तर रोज मला भेटले की, “काय, सामोआला पाऊस कसा आहे?” असं विचारू लागले. लॉकडाऊन लागला आणि पूल बंद झाला तेव्हा सगळं गाव हळहळत होतं. मला बरं वाटलं.

जाता जाता एक सांगतो. प्रायमरी म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं जाणणारा एक मराठी माणूस अमेरिकेत आहे. बेळगावचे श्री ठाणेदार. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले, २०१८ मध्ये, आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या जागेवर आठ-नऊ जणांच्या गर्दीतून, तिशीच्या आतल्या टक्केवारीत प्रायमरी मारली आणि थेट अमेरिकेच्या संसदेत गेले. बेळगावात वाढलेल्या माणसाला मतविभागणी शिकवावी लागत नाही. त्यांचा अंदाज मी सांगितला नव्हता. कदाचित म्हणूनच.

२०२४ साली मात्र सांगलीनं मला घराबाहेर ओढलं. सांगली म्हणजे काँग्रेस, हे २०१४ पर्यंत पाढ्यात होतं. माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं घर, वसंतदादांची माणसं. दादांचे नातू विशाल पाटील तयारीत बसलेले. तोवर कोल्हापूरची जागा काँग्रेसकडं गेली, बदल्यात ठाकऱ्यांच्या शिवसेनेनं सांगली मागितली आणि मार्चमध्ये मिरजेच्या सभेत डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांचं नाव जाहीरही झालं. इथल्या काँग्रेसवाल्यांना कुणी हॉलच्या कोपऱ्यात उभं केलं नाही. मुंबई-दिल्लीच्या चकरा झाल्या, पण पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म काही हाताला लागेना. विशाल पाटलांनी अपक्ष अर्ज भरला.

मी पुलावर जाहीर केलं की २२ एप्रिलला, माघारीच्या दिवशी, अर्ज मागं घेणार. वरनं फोन येणार, विधान परिषद मिळणार, विषय संपणार. वसुलीत हे मी शंभरदा बघितलंय, शेवटच्या दिवशी तडजोड होतेच. दुपारी तीनला मुदत संपली. अर्ज राहिला. त्यांना चिन्ह मिळालं लिफाफा.

“लिफाफा लग्नात देतात,” मी म्हणालो, “मतात नव्हे. डिपॉझिट वाचलं तरी मिळवली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण पोरगा पुलावर माझी वाट बघत उभा. गळ्यात उपरणं नव्हतं, पण चपलांवरून कार्यकर्ता वाटला. बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “काका, तुम्ही काल जे बोलला न्हवं का, तेच जरा मारुती चौकातबी बोला की. स्टेशन चौकातबी. गाडीची सोय करतो.”

मला भरून आलं. “म्हणजे तू विरोधी पार्टीचा?”

“न्हाय ओ. लिफाफ्याचाच हाय.”

आता समजलं. सांगलीतले लोक मला साताऱ्याचं आणि सातारकर सांगलीचं का विचारत होते, तेही समजलं. आपल्या माणसाबद्दल मी शुभ बोलू नये, एवढीच दोन्हीकडची काळजी होती. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरत म्हणाली, “मग जा की. गाडी देतोय म्हणतोय तर येताना दळण टाकून या.”

साताऱ्याची या वेळची पेढ्यांची पैज अजून लावायची बाकी होती. तिथं उदयनराजे या खेपेलाही कमळावर, समोर शशिकांत शिंदे शरद पवारांच्या तुतारीवर. माझं मन स्वच्छ सांगत होतं की तुतारी. पावसाची सभा डोळ्यांपुढं होती आणि एकदा पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. पण आता मला माझी किंमत कळली होती. माझं मन तुतारी म्हणतंय म्हणजे राजे येणार. म्हणून मी मेव्हण्याला फोन करून छातीठोक सांगितलं, “राजे. लिहून घे.” मेव्हणा मनापासून खूश झाला. दाजी राजे म्हणतायत म्हणजे तुतारी पक्की, असं म्हणून त्यानं आणखी चौघांशी पैजा लावल्या.

४ जूनला विशाल पाटील एक लाखावर मतांनी निवडून आले. डिपॉझिट गेलं ते पक्षाचं चिन्ह असलेल्या पैलवानाचं. म्हणजे सांगलीनं प्रायमरी केलीच, फक्त ७ मेला, मुख्य मतदानाच्याच दिवशी, एका खर्चात. पुढं दोनच दिवसांत विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं आणि ९९ वर अडकलेली काँग्रेस शंभरावर गेली. पत्र लिफाफ्यातूनच दिलं असणार.

साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. मी बरोबर होतो! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही जाहीरपणे. पेढे मागायला फोन लावला तर मेव्हण्याचा आवाज चढलेला.

“दाजी, खरं सांगा. मनात काय होतं तुमच्या?”

मी कधी खोटं बोलत नाही. “मनात तुतारी होती.”

“मग तुम्ही चुकलाच की!”

“पण बोललो बरोबर.”

“बोलणं कोण धरतंय तुमचं? आम्ही मन धरून चाललो हुतो. आणि तशी तुतारीच आली असती. पिपाणीनं खाल्लं.”

हे मात्र खरं. पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली होती, म्हणजे फरकापेक्षा जास्त. चिन्हांच्या मराठी यादीत पिपाणीचं नावही तुतारी असंच होतं. मेव्हण्याचं म्हणणं, पैज रद्द. माझं म्हणणं, राजे खासदार झाले आहेत, ते रद्द होत नाहीत. पेढे आलेले नाहीत.

यानंतर मी फक्त खात्रीचं बोलायचं ठरवलं. जूनच्या शेवटी बायडन आणि ट्रम्प यांचा जाहीर वादविवाद झाला. बायडन अडखळले आणि भाच्याचा फोन आला, “मामा, काय वाटतं? बदलतील का यांना?” या वेळी मला भीती नव्हती. प्रायमऱ्या संपलेल्या, जवळजवळ सगळे डेलिगेट त्यांच्याकडं, आणि पद्धत मला भाच्यानंच शिकवलेली. मी म्हणालो, “अरे, लोकांनी तिकीट दिलंय. ते काय मुंबईतनं फोन करून काढून घेता येतंय होय? ही काय सांगली आहे?”

२१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. प्रायमरीत न उतरलेल्या कमला हॅरिस उमेदवार झाल्या. सोमवारी सकाळी सातला मेव्हण्याचा फोन, “दाजी, तिकडंबी एबी फॉर्म गेला वाटतं वरनं.”

भाच्याचा फोन रात्री आला. आवाज दबका होता. “मामा, एक विनंती आहे. आता कमला हॅरिस निवडून येणार, एवढं मात्र कुठं बोलू नका. माझ्या ग्रीन कार्डाचं अजून चाललंय.”

मी बरं म्हणालो. पुलावर सकाळीच सांगून आलो होतो.