विमानाआडचा प्रपंच

(पडदा वर जातो. मेजावर क्रोशाच्या झाकणाखाली जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, शेजारी वेताची खुर्ची. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ प्रवेश करतात. आधी रेडिओला आणि मग प्रेक्षकांना नमस्कार करतात.)

सभ्य स्त्रीपुरुषहो, मुंबईत नामांकित वस्त्या पुष्कळ आहेत. परंतु आकाशवाणीच्या बातम्यांत ज्यांचे नाव बारमाही, नित्यनेमाने आणि कोणाचीही शिफारस न लावता उच्चारले जाते अशा वस्त्या दोनच, एक कुलाबा आणि दुसरी आमची सांताक्रूझ. दादरला नाटके असतील, गिरगावला गाणे असेल, पार्ल्याला काय काय आहे ते पार्लेकर न विचारता सांगतीलच. पण कमाल आणि किमान तपमान? ते आमच्याकडे! २००५ सालच्या २६ जुलैला आमच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस रुजू केला आणि कुलाब्याने अवघा ७३, तेव्हा वीज गेलेल्या घरात, गुडघाभर पाण्यात उभे राहून, सेलवरच्या ट्रान्झिस्टरला कान लावलेल्या सांताक्रूझच्याच एका वाकोलावासीयाने ‘कुलाबा किती?’ असा प्रश्न केल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

(खुर्चीत बसतात.)

तथापि ज्या विमानतळामुळे ही वेधशाळा आमच्या वाट्याला आली, त्याच विमानतळावर उतरणाऱ्या विमानांनी आमच्या कुटुंबाचे जे वाङ्मयीन नुकसान केले, त्याची कैफियत मांडण्यासाठी मी आज आपल्यासमोर हजर झालो आहे.

सत्तरीच्या दशकातील गोष्ट. वाकोल्यात, धावपट्टीच्या दक्षिणेला, आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. वडील सरकारी कारकून. ही कारकुनी आमच्या घराण्यात वतनासारखी चालत आली, फरक इतकाच की वतनाला उत्पन्न असते. घरात रेडिओ होता, आणि तेव्हा रेडिओ म्हटला की परवाना आला. तो पोस्टातून काढावयाचा, वर्षाला १५ रुपये भरावयाचे, आणि हे सारे १८८५ च्या तार कायद्याखाली! ज्या साली मार्कोनी अवघा अकरा वर्षांचा होता, त्या सालच्या कायद्याने त्याच्या कर्तृत्वावर कर बसवून ठेवला, ही दूरदृष्टी केवळ सरकारलाच साधते. वडील परवान्याचे ते पुस्तक शिधापत्रिकेबरोबर लोखंडी पेटीत ठेवीत, आणि दारावर अनोळखी माणूस दिसला की आधी रेडिओ बंद करून मग परवाना शोधीत. परवाना असताना रेडिओ बंद का करावयाचा, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. मीही पुढे तसेच करीत आलो.

(रेडिओवरील झाकण हळुवार काढतात. बटण फिरवतात. थांबतात.)

थांबावे लागते. व्हॉल्व्ह तापावे लागतात. आजच्या पिढीला बटण दाबताच आवाज हवा. आम्हांला तो येणार येणार म्हणून वाट पाहण्यात अर्धे सुख मिळे. आधी तबकडीमागचा दिवा लागे, मग तो हिरवा डोळा मिचमिचत उघडे, मग कुठूनसा घुंऽऽ असा हुंकार येई, आणि तोवर आईने पोळपाट बाजूस सारलेला असे, आत्याने विद्यार्थिनींच्या वह्यांवर तांबडी पेन्सिल आडवी ठेवलेली असे, शेजारच्या काकू ‘वाटीभर साखर’ या निमित्ताने येऊन साखर न घेताच बसलेल्या असत, आणि आजी, जिला कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, ती सर्वांत पुढे बसलेली असे.

कारण ‘प्रपंच’ लागणार असे!

श्रोतेहो, काय ती श्रुतिका आणि काय ते त्रिकूट! पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन आवाज; बस्स! ना पडदा, ना पोशाख, ना आजच्या मालिकांप्रमाणे मध्यरात्रीही शालू नेसून फ्रिजमागे कारस्थान रचणारी जाऊबाई. रिकाम्या कपात चमचा फिरला की चहा झाला. पंत चिडले, वहिनींनी समजूत घातली, भावजींनी मध्ये पडून ती बिघडवली, की एका मध्यमवर्गीय घराचे संपूर्ण चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राही. आणि गंमत अशी की ते घर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळे असे. आईच्या मीनावहिनी इरकली नेसत, आत्याच्या मीनावहिनी खादी भांडारातली सुती साडी नेसत, आणि या विषयावर दोघींत झालेला वाद मिटवण्याचे सामर्थ्य खुद्द नीलमताईंतही नव्हते.

आणि तो आवाज आमच्यापर्यंत येई तरी कसा? मंडळी बोलत चर्चगेटजवळच्या स्टुडिओत. तेथून तो आवाज जाई थेट मालाडला, मालवणीच्या मनोऱ्यांवर. आणि तेथून उलटा फिरून सांताक्रूझला. चर्चगेटला घाईघाईने फास्ट गाडीत चढलेल्या सांताक्रूझकराची जी गत होते, तीच ही: डोळ्यांदेखत आपले स्टेशन मागे पडते आणि अंधेरीला उतरून स्लो गाडीने मुकाट्याने परत यावे लागते. एवढा द्राविडी प्राणायाम करून मीनावहिनींचे वाक्य आमच्या कौलांपर्यंत पोहोचावे, आणि नेमके त्याच क्षणी...

(वर पाहतात. दोन्ही हातांनी कान झाकतात. ओठ हलत राहतात, शब्द ऐकू येत नाहीत. बराच वेळ. हात काढतात.)

...विमान!

एके दिवशी तर कहर झाला. पंतांनी काहीतरी हेका धरला होता, भावजी गप्प झाले होते (ही घटनाच मुळात असाधारण), आणि मीनावहिनींनी निक्षून काही सांगावयास आरंभ केला, तो विमान आले. ते गेले तेव्हा तिघेही हसत होते आणि समाप्तीचे संगीत वाजत होते. आमच्यापैकी हसली होती ती फक्त आजी. कारण ती नेहमीच सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहून हसे, विमानाने तिच्या बाबतीत यत्किंचितही फरक पडत नसे.

वडिलांनी तत्काळ चौकशी सुरू केली. एकेकाची जबानी घेतली. ‘मीनावहिनी काय म्हणाल्या?’ आत्या ताडकन म्हणाली, ‘तुमचा चहा तुम्ही करून घ्या, असं म्हणाल्या.’ काकू म्हणाल्या, ‘छे हो, मी नोकरी धरणार, असं म्हणाल्या.’ काकूंनी टंकलेखनाची परीक्षा देऊन ठेवली होती, हे आम्हांला नंतर कळले. वडिलांचे स्वतःचे मत असे पडले की वहिनींनी पंतांचे म्हणणे बिनशर्त मान्य केले. त्यावर इतकी शांतता पसरली की त्यांनी ते मत स्वतःच खोडून टाकले.

(उठतात. आवाज खाली.)

आणि आई? आई पोळपाट पुढे ओढीत, वर न पाहता म्हणाली, ‘मी चार दिवस माहेरी जाते, असं म्हणाल्या त्या.’

मंडळी, आईचे माहेर चिपळूणला. ती किती वर्षांत गेली नव्हती, हा हिशेब घरात कोणी ठेवलेला नव्हता. म्हणजे आम्ही ठेवलेला नव्हता. वडिलांनी आजीकडे पाहिले. आजीने सुनेकडे पाहिले आणि ठणठणीत आवाजात निकाल दिला, ‘मीनेने बरोबर केलं!’ बहिऱ्या न्यायाधीशाच्या निकालावर अपील करावयाचे ते कोणाकडे?

आईने ट्रंक भरली. निघण्याच्या आदल्या दिवशी दादरचा मामा तिला न्यावयास आला. दादरला विमान डोक्यावरून जात नाही, म्हणून मामाने ‘प्रपंच’ अथपासून इतिपर्यंत ऐकलेला! वाद कळताच त्याचा चेहरा उजळला. ‘अगं, त्या तसं म्हणाल्याच नाहीत! त्या म्हणाल्या...’ आई उलथने हातात घेऊन शांतपणे म्हणाली, ‘दादा, उद्या एसटी सुटेपर्यंत तू काही ऐकलेलं नाहीस.’

मामाने तोंड मिटले. तो दादरचा असला तरी भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी तिला मुंबई सेंट्रलला गाडीत बसवून मामा परत वाकोल्यास आला. वडील स्टोव्हपुढे पाटावर बसले होते. डोळ्यांत धूर, बाहीला डाळीचे पीठ. मामाने मग त्यांच्या कानाशी लागून मीनावहिनींचे अस्सल वाक्य सांगितले. मला ते ऐकू आले नाही. वडिलांनी मात्र ते सावकाश ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘हिला कळवू नका. आठवडाभर राहू द्या. तोवर माझ्या पिठल्यातल्या गुठळ्या जातील.’

(पडदा)