लीद उचलण्याची फी

गंगापूर रोडवरच्या आमच्या शेजाऱ्यांचे चिरंजीव थायलंडात चियांग माईजवळ हत्तींची सेवा करून परतले. सेवा म्हणजे कलिंगडं चिरायची, केळी धुवायची आणि फावड्याने लीद उचलायची. हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो खातो, तेव्हा सेवेला खंड नाही. या कामाचे पैसे मिळत नाहीत, भरावे लागतात, तेही आगाऊ. (घरी याच हातांनी स्वतःचं ताट उचलल्याचा पुरावा नाही.)

तिथल्या लोकांचं मात्र कौतुक करायला हवं. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले आणि माहुतांनी त्यांना पर्यटकांपुढे उभं केलं. पुढे पाठीवर बसणं पाप ठरलं, तर लीद उचलणं पुण्य म्हणून विकायला निघालं.

आपल्याकडे गडचिरोलीत कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे, हे मी सांगून पाहिलं. "काका, तिकडे कोण जाणार? केवढा प्रवास!" दोडामार्गात तर हत्ती आपण होऊन बागेत येतात, माड-केळी आडवी करतात. तिथला शेतकरी स्वयंसेवकाकडून दमडी घेणार नाही, रात्रभर जागायची तयारी तेवढी हवी.

निरोपाच्या दिवशी हत्तीणीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. ते पुसायच्या आत चिरंजिवांनी बालीतल्या कासवांसाठी अर्ज भरला होता. आईने एवढंच विचारलं, "कासवांचं फार उचलावं लागत नाही ना रे?"