छपरावर चढण्याचा अधिकार

कोकणात कौलारू घराच्या छपरावर चढण्याचा अधिकार दोघांनाच : शाकारणी करणाऱ्या आबांना आणि वानरांना. आबा वर्षातून एकदा, मे महिन्यात, मजुरी ठरवून चढतात. वानरं बारमाही येतात आणि मजुरी कौलांतच वसूल करतात. आमच्या दापोलीकडच्या घरावर सौर पॅनल बसवायचं ठरलं आणि तिसरा उमेदवार उभा राहिला : इंजिनीअर.

खळ्यात उभं राहून त्या मुलाने मान वर केली. "काका, स्लॅब असता तर दुपारपर्यंत काम उरकलं असतं." म्हणजे आधी स्लॅब टाकायचा, मग उकडतं म्हणून एसी लावायचा आणि एसीचं बिल झेपत नाही म्हणून सोलर बसवायचं! 'पीएम सूर्यघर' योजना २०२४ साली आली. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. पण योजनेचा हिशेब छपराच्या मापावर चालतो, स्वभावावर नाही.

आणि मंगलोरी कौलाचा स्वभाव हळवा. १८६५ साली बासेल मिशनवाल्यांनी मंगळुरात त्याचा कारखाना काढला, तेव्हा त्याने पाऊस अडवावा एवढीच अपेक्षा होती. आता त्याच्या डोक्यावर सहा पॅनलं बसणार होती, एकेक पंचवीस-अठ्ठावीस किलोचं.

"वजन वासे घेतील," मुलगा म्हणाला, "भीती वाऱ्याची. पॅनल खाली पडण्यापेक्षा वर उडायला बघतं." ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी आमच्या पडवीची कौलं शेजाऱ्यांच्या बागेत गेली आणि त्यांचा पत्रा आमच्या विहिरीत आला. कोण कोणाचं देणं लागतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

मुंबईहून चुलतभावांचे फोन सुरू झाले. "कौलं काढा, पत्रा टाका." घरपट्टीचा रुपया ज्यांनी कधी भरला नाही, त्यांना छपराचा एकाएकी पुळका आला. त्यात पॅनलांचं तोंड दक्षिणेला हवं आणि आमच्या छपराचे उतार पूर्व-पश्चिम. "दक्षिण नाहीतरी यमाचीच," काकूने निकाल दिला. मुलाने पश्चिम उतार पत्करला. "थोडी वीज कमी मिळेल," तो म्हणाला. काकूच्या मते यमापेक्षा ते स्वस्त होतं.

कामाच्या दिवशी मुलगा शिडीवरून छपरावर उतरला. पहिलंच पाऊल कौलाच्या मध्यावर पडलं, कट्‌ आवाज झाला आणि माजघरात लख्ख उजेड आला. वीज यायची होती, प्रकाश आधीच पडला.

आबा खालून ओरडले, "बाळा, पाय रिपेच्या रेषेवर! कोणाच्या पोटावर पाय देऊ नये, कौलाच्याही."

मग आबाच वर चढले. झोपलेल्या पोराच्या डोक्याखालची उशी काढावी तसं त्यांनी वरचं कौल जरासं उचलून खालचं ओढून घेतलं. वासा उघडा पडला. मुलाने त्यावर स्टीलचा आकडा स्क्रूने आवळला. रिपेवर नाही, कारण वादळात रीप तग धरत नाही. कौल परत ठेवलं तर ते आकड्यावर अडून बसलं. खाली बोटभर फट.

"हितून आख्खा जुलै आत येईल," आबा म्हणाले.

मुलाने ग्राइंडर काढला, कौलाच्या खालच्या अंगाला आकड्याएवढी खाच पाडली. कौल मुकाट बसलं. आबांनी बोट फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या मुलाला 'साहेब' म्हणाले.

सगळं बसल्यावर साहेबांनी कागद दिला : पॅनलांची पंचवीस वर्षांची हमी.

"आणि त्यांच्याखाली कौल फुटलं तर?" आबांनी विचारलं.

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात कौल कुठेच नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला आणि आबांचा नंबर लिहून घेतला. आता तालुक्यात कुठलंही कौलारू काम निघालं की मोटारसायकलवर मागे आबा असतात.

यंदा मे महिन्यात शाकारणीला बोलवायला गेलो, तर आबा ओटीवरून उठलेसुद्धा नाहीत. "येईन," म्हणाले, "पण आता सोलरच्या दराने."