बाजू अ, बाजू ब आणि कशेडी घाट

पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो आणि प्रवाशाचं व्यक्तिस्वातंत्र्य संपतं. इथून सावंतवाडीपर्यंतच्या साधारण साडेचारशे किलोमीटरांत खिडकी किती उघडायची हे पुढच्या सीटवरचा ठरवणार, गाडी जेवायला कुठे थांबणार हे ड्रायव्हर आणि हॉटेलमालक यांचा जुना जिव्हाळा ठरवणार, आणि कानावर काय पडणार हे तर एकटा ड्रायव्हरच. तरुणपणच्या गाण्यांचा विषय निघाला की माणसं डोळे अर्धवट मिटतात आणि ‘आमची आवड’ म्हणून मोकळी होतात. माझी हरकत त्या ‘आमची’ला आहे. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत ज्या चाकरमान्यांनी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात लक्झरी म्हणवणाऱ्या बसने गाव गाठलं, त्यांची आवडती गाणी त्यांनी निवडलेलीच नाहीत. ती क्लीनरने फुटपाथवर घासाघीस करून घेतलेल्या कॅसेटवर होती. आवड मागाहून जडली. रात्रभर खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या शेजाऱ्याशी सकाळी चहाला ओळख व्हावी, तशी.

हे आकड्यांत मांडता येतं. कॅसेट ६० मिनिटांची, म्हणजे एक बाजू ३०. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात अशा चार कॅसेटी धरू. त्यातली एक आरत्यांची; ती गाडी सुटताना लावायची आणि मग थेट पुढच्या फेरीला. दुसरीची फीत गेल्या शिमग्यातच तुटलेली. उरल्या दोन, म्हणजे चार बाजू, दोन तासांचा ऐवज. प्रवास बारा तासांचा, आणि तोही वडखळ नाक्याला गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली नाही तर. रात्री अकरानंतर आवाज कमी होतो, पण बंद होत नाही, कारण ड्रायव्हरला डुलकी लागू नये यावर गाडीत सर्वपक्षीय एकमत असतं. तेव्हा प्रत्येक गाणं किमान सहा वेळा. पहिल्या खेपेला, पेणच्या आसपास, मागच्या बाकावरून ‘ह्यां काय लावलंस रे मेल्या’ असा स्पष्ट अभिप्राय येतो. माणगावपर्यंत निषेध मावळतो. पोलादपूरला पाय ठेका धरतो. चिपळूण येईतो दोन कडव्यांमधली सनईसुद्धा पाठ झालेली असते, आणि कणकवलीला उतरताना तोच निषेधकर्ता डोक्यावर ट्रंक घेऊन तेच गाणं गुणगुणत गावाकडच्या गाडीची चौकशी करत असतो. याला रसिकता म्हणायचं असेल तर कैदेत असताना तुरुंगाची आमटी आवडू लागणं हीसुद्धा रसिकताच.

यातही सर्वांत भक्कम पुरावा कशेडी घाटात मिळायचा. आता तिथे बोगदा झाला. तेव्हा पोलादपूर सोडलं की वळणांमागून वळणं. नेमक्या त्या हिसक्यांत टेप फीत खायचा. गायिकेचा आवाज आधी गायकाचा व्हायचा, मग रेड्याचा, मग गप्प. ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न हटवता बटण दाबायचा, क्लीनर बॉनेटवर मांडी ठोकून आतून चहाच्या रंगाची हातभर फीत हळूहळू ओढून काढायचा, आणि सहा कोनांचं बॉलपेन कॅसेटच्या दातेरी भोकात घालून फिरवत ती पुन्हा गुंडाळायचा. फीत आत जायची, चुरगळ मात्र राहायची. तिथून पुढे त्या गाण्यात ठरावीक जागी एक उचकी. आता असं बघा: ज्याने ते गाणं याच गाडीत ऐकलं तो आजही, लग्नाच्या हॉलमध्ये, नातवासमोर, ते गुणगुणताना त्या जागी क्षणभर अडखळतो. संगीतकाराने ती जागा घेतलेली नाही. ती कशेडी घाटाने घेतलेली आहे. आवड निव्वळ गाण्याची असती तर माणूस गाणं म्हणाला असता. तो कॅसेट म्हणतो.

जाणकार इथे हात वर करतात. त्यांचं म्हणणं, त्या काळची गाणी मुळातच चांगली होती, म्हणून लक्षात राहिली, बस निमित्तमात्र. हा युक्तिवाद प्रत्येक पिढीने केलेला आहे, आणि प्रत्येक पिढीचा ‘तो काळ’ वेगळा आहे, यातच त्याचं काय ते आलं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते या काळजीपोटी आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. ते साल ‘बैजू बावरा’चं. ज्याला आज सुवर्णकाळ म्हणून उसासे टाकतात, त्याच्या ऐन बहरात देशाच्या रेडिओने दार लावून घेतलं होतं! श्रोत्यांनी काय केलं? ते सिलोनला गेले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला बुधवारी संध्याकाळी शॉर्टवेव्हच्या खरखरीला कान लावून बसले, आणि शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. पुढे ‘विविध भारती’वर वाढलेल्यांनी ‘आशिकी’ला नावं ठेवली, कुमार सानू नाकात गातो म्हणून नाकं मुरडली, सानूला फिल्मफेअरने सलग ५ वर्षं पारितोषिक दिलं. आता ‘आशिकी’वाले आपल्या मुलांच्या गाण्यांना नावं ठेवतात. गुणवत्ता इतकी नेमाने दर पंचवीस वर्षांनी, आणि तीही बोलणाऱ्याच्या पंचविशीलाच, संपते हे मला संशयास्पद वाटतं.

शिवाय त्या कॅसेटींवर बऱ्याचदा मूळ गाणं नसायचंच. टी-सिरीजने जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन घेऊन स्वस्तात विकली. सोनू निगमच्या ‘रफी की यादें’ त्यातल्याच. मूळ रेकॉर्डची कॅसेट महाग, ही स्वस्त, आणि क्लीनर काही संगीत समीक्षक नव्हे. परिणामी कित्येकांच्या डोळ्यांत रफीच्या नावाने जे पाणी येतं ते सोनू निगमने काढलेलं आहे. अशा माणसाला मूळ ध्वनिमुद्रण ऐकवून पाहावं. तो दोन ओळी ऐकतो, अस्वस्थ होतो आणि ‘छान आहे, पण ते नाही’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने नक्कल रफीची आहे. अल्ताफ राजाचं तर विचारूच नका. त्याची कॅसेट घरी कोणी विकत घेतल्याचं सुशिक्षित माणूस कबूल करत नाही, पण मधल्या शेरोशायरीसकट ती पाठ असलेले बँकेत, महाविद्यालयांत आणि मंत्रालयात आजही मानाच्या जागांवर आहेत. पाठांतर झालं कुठे? माझं बोट महामार्गाकडे.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. मानसशास्त्राचा दाखला देऊन सांगतात की पिकल्या वयात माणसाला सर्वांत जास्त आठवतो तो साधारण दहा ते तीस या वयातला काळ. तेव्हा हा सगळा वयाचा महिमा, गाडीचा नव्हे. वयाचं मला मान्य आहे. पण वय फक्त केव्हा एवढं सांगतं, कोणतं ते सांगत नाही. त्याच वयात घरीही रेडिओ होता, गल्लीत लाउडस्पीकर होता. घरचं गाणं मात्र पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं, त्यावर भांडी घासली जातात, अभ्यास होतात, भांडणं होतात, आणि इतकं काही बसलं की कोणतीच एक आठवण त्यावर ठरत नाही. प्रवासातल्या गाण्याला एकच रस्ता, एकच रात्र, डिझेलचा वास, खिडकीच्या फटीतून येणारा पाऊस आणि तिसऱ्या रांगेतली एक वेणी. (वेणीचं नाव-गाव बहुधा खारेपाटणला उतरताना समजतं, तेही तिच्या वडिलांनी हाक मारल्यामुळे.) म्हणून ते गाणं कुठेही लागलं तरी माणूस थेट त्या वळणावर जाऊन उभा राहतो.

लाल एसटीत तर टेपच नव्हता, तिथे काय, असंही विचारतात. तिथे प्रवासी स्वतः गायचे, आणि त्याने माझं म्हणणं आणखीच बळकट होतं. गणपतीच्या जादा गाड्यांत वाडीची अख्खी भजनी मंडळी चढायची. पखवाज मांडीवर, झांजा पिशवीत. कोकणातल्या भजनाच्या बाऱ्यांत बुवा हौसेने सिनेमाच्या चालींवर गजर बांधतात. त्यामुळे अनेकांनी ती चाल आधी विठ्ठलाच्या नावाने ऐकली आणि मग काही वर्षांनी तीच चाल पडद्यावर, पावसात भिजणाऱ्या नायिकेच्या तोंडी. त्यांना आजही ते दृश्य लागलं की टाळ्या वाजवाव्यात की हात जोडावेत हे नीटसं उलगडत नाही. इथेही निवड कोणाची? बुवांची. फरक इतकाच की बुवांना घाटात बॉलपेन लागत नसे.

आता राहिली आजची पोरं. ज्याच्या त्याच्या कानात ज्याचं त्याचं, मग त्यांना कोण काय लादणार? दिसायला हे बरोबर आहे. पण कोकणच्या रस्त्यावर मोबाइलची रेंज हा लहरीचा भाग आहे. घाटात शिरलं की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं, डाउनलोड करून ठेवायचं राहिलेलं असतं, चार्जिंग लाल झालेलं असतं, आणि सीटखालचं चार्जिंगचं भोक शोभेचं असतं. मग कानातली बोंडं निघतात. बाहेर काय चालू आहे? ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह. त्यात एका वेळी हजार गाणी मावतात हे खरं, पण ती भरली आहेत पन्नाशीतल्या ड्रायव्हरने, आणि भरली आहेत ती त्याच्या तरुणपणची. म्हणजे ‘आशिकी’नंतर पंधरा वर्षांनी जन्मलेला मुलगा हातखंब्याच्या चहाला ‘आशिकी’ गुणगुणत उतरतो आणि पुढेमागे त्यालाच आपल्या तारुण्याचं गाणं म्हणणार. ड्रायव्हर निवृत्त होईपर्यंत यात बदल संभवत नाही, आणि महामार्गाचं चौपदरीकरण आधी पूर्ण होतं की ड्रायव्हर आधी निवृत्त होतो, यावर सध्या गाडीत पैजा लागतात.