चौदा दिवस कशासाठी, ते सांगा

ताप आला, रक्त तपासलं, व्हायवॅक्स हिवताप निघाला. प्रायमाक्विनच्या गोळ्या हातात पडल्या. रोज एक, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी कापूस वेचायला जायचं होतं, गोळीनं मळमळत होतं, मग उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. दोन महिन्यांनी तोच ताप परत. आता दवाखान्यातला शेरा ठरलेला : पेशंटनं औषध पूर्ण घेतलं नाही.

हा शेरा मला मान्य नाही. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात. ताप उतरला तरी ते तिथंच असतात आणि पुढच्या गोळ्या त्यांच्यासाठीच असतात. एवढं त्या पेशंट बाईला कुणी सांगितलं होतं का? सांगितलं नसेल, तर अर्धवट राहिलेला उपचार तिचा नाही, दवाखान्याचा आहे.

तेलंगणातल्या बेज्जूरसारख्या ठिकाणी हे जास्तच लागू पडतं. जुन्या आदिलाबादमधला हा मंडल आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. कडेनं प्राणहिता वाहते, पलीकडे गडचिरोली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा इकडं मराठी मुलखात आले, बाकीचा आदिलाबाद तिकडं तेलुगू मुलखात गेला. माणसं मात्र रेषा पाहून बोली बदलत नाहीत. एका घरात गोंडी, शेजारी मराठी, बाजारात तेलुगू. अशा भागात गोळीच्या पाकिटावर इंग्रजी आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एकच राजभाषा असेल, तर तो तक्ता नक्की कुणासाठी लावलाय? याच आदिलाबादेत, मारलवाईला, १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं गोंड मुलांसाठी देवनागरीत गोंडी वाचनपाठ तयार झाले. निजामाच्या राज्यात जे जमलं, ते आज एका पानाच्या सूचनापत्रकासाठी जमू नये?

वेळ नाही, असं उत्तर येतं. खरंच नाही. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन'नं ६७ देशांतला अभ्यास छापला. त्यानुसार आपल्याकडे प्राथमिक उपचाराच्या डॉक्टरची एका पेशंटशी भेट जेमतेम दोन मिनिटांची. पण ही दोन मिनिटं आपण कशावर घालवतो? 'पौष्टिक खा, विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या.' मजुरी बुडवून आलेल्या बाईला विश्रांतीचा सल्ला देणं म्हणजे तिच्याकडे न पाहणं. त्यापेक्षा एकच विचारा : 'घरी गेल्यावर काय करणार, सांग बघू.' ती जे सांगेल, त्यात कुठं गोंधळ आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं.

जुलाबाचंच घ्या. ओआरएसचं पाकीट हाती ठेवलं म्हणजे काम झालं, असं नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. घरी ते पेलाभर पाण्यात कालवलं गेलं, तर मीठ जास्त होऊन लेकराला अपाय होतो. म्हणून बाटली दाखवा, ती भरून दाखवा. पाणी आधी उकळून गार करायचं, पूड नंतर. कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. आणि सोबत झिंकच्या गोळ्या, पुन्हा चौदा दिवस. जुलाब थांबले तरी. पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत होण्याचा धोका त्यांनी कमी होतो, हे आईला कळलं तर ती गोळी चुकवणार नाही.

सापाचं याहून निकडीचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा कित्येकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात. पावसाळ्यात असा माणूस पहाटे आला, तर त्याला पोटदुखीची गोळी देऊन परत पाठवू नका, काल कुठं झोपला होतास ते विचारा. आणि गावात सांगा : आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, हातपाय हलवू न देता थेट दवाखाना गाठा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज आहे.

ऐकून घेतलं की काय होतं, ते प्राणहितेच्या पलीकडच्या जिल्ह्यानं दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली आणि लोकांना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? उत्तर मिळालं : तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. बंगांनी लोकांना अडाणी म्हटलं नाही. 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला, नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. पुढं ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट'नं हे १९९९ मध्ये छापलं.

२०११ पासून तेच काम देशभर आशा सेविकांकडे आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या : वजन, ताप, दूध पितंय का, गुंडाळलंय का, आईला काय वाटतंय. या सगळ्या फेऱ्यांचा केंद्रानं तेव्हा ठरवलेला मोबदला २५० रुपये. सल्ला आणि शुश्रूषा ज्यांच्याकरवी घरात पोचते, त्यांच्या श्रमाची ही किंमत ज्यांनी लावली, त्यांनी पेशंटच्या अर्धवट गोळ्या मोजू नयेत. आधी आशांचा मोबदला वाढवा आणि गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू बोलणारी बाई गोळ्यांच्या खिडकीशी दिवसभर बसवा. तिला पगार द्या.